कानाच्या वाटेने

ओढ्यात पाय टाका. पाणी कोमट आहे, गुडघ्याच्या वर येणार नाही. तुम्ही उभे आहात ती जागा आज जम्मूच्या राजौरी जिल्ह्यात, कालाकोटजवळ येते. पण काळ आहे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा. हिमालय शोधू नका, तो अजून उभा राहायचा आहे. भारताची भूमी आशियाला येऊन भिडते आहे आणि दोहोंमधला टेथिस समुद्र आक्रसत चालला आहे.

काठावरच्या झुडपात काहीतरी हलतं. मांजराएवढा प्राणी, पाठीला बाक, काटकुळे पाय, टोकाला इवलेसे खूर. सह्याद्रीच्या रानात कधी पिसोरी पाहिली असेल, तर हा तिचाच भाऊबंद वाटेल. तुमची चाहूल लागते, पण तो रानात पळत नाही. सरळ पाण्यात शिरतो. वाकून नीट बघा. तो पोहत नाही, तळावरून चालतो आहे. त्याच्या पायांची हाडं जाड आणि जड आहेत, ते वजनच त्याला खाली धरून ठेवतं.

हा इंडोह्यूस. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी याच परिसरातून त्याचे अवशेष गोळा केले आणि 1971 मध्ये त्याला नाव दिलं. त्यांनी जमवलेले बरेचसे दगड मात्र न फोडताच पडून राहिले. रंगा राव गेल्यावर ते हान्स थेविसन या शास्त्रज्ञाकडे आले. तिथे एक कवटी साफ करताना चुकून तुटली आणि आत कानाच्या हाडाची एका बाजूला जाड झालेली कड दिसली. तशी कड तोवर फक्त देवमासे आणि डॉल्फिन यांच्या कुळात माहीत होती. 2007 मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. इंडोह्यूस देवमाशांचा थेट पूर्वज नव्हे, पण जमिनीवरचा त्यांचा सर्वांत जवळचा नातेवाईक. या साऱ्या प्रवासात मला हाच टप्पा सर्वांत प्रिय आहे. समुद्राशी संबंध नसलेला एक बुजरा, खुरांचा प्राणी, आणि त्याच्या कानात पुढच्या सगळ्या समुद्री कुळाची खूण आधीच येऊन बसलेली. तेव्हा इथून पुढे कानाच्याच मागे चला.

60 लाख वर्षं पुढे आणि नैर्ऋत्येला, कच्छमध्ये. आजच्या हरुडीच्या परिसरात उथळ समुद्र पसरला आहे. पायाखाली चवली-पावलीएवढ्या गोल कवचांचा थर करकरतो. ही न्यूम्युलाइट्स नावाच्या एकपेशीय जिवांची कवचं. त्यांच्याही खाली दख्खनचा काळा बसाल्ट आहे. रायगड ज्या दगडातून कोरून निघायचा आहे, तो दगड तुम्ही उभे आहात त्या क्षणालाच 2 कोटी 40 लाख वर्षांचा झालेला आहे.

पाणी गढूळ. त्यातून एक लांब, अरुंद मुस्कट वर येतं आणि तुम्ही मगर समजून मागे सरता. श्वास घेऊन ते पुन्हा खाली जातं. मागोमाग आखूड पाय आणि जाडजूड लांब शेपूट दिसते. हा कच्छिसेटस, त्या काळातल्या देवमाशांमधला सर्वांत लहान. सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी 2000 मध्ये त्याचं वर्णन केलं; त्याच्या भाऊबंदांची हाडं अशोक साहनी आणि विजयप्रकाश मिश्रा यांनी 1970च्या दशकातच कच्छमध्ये ओळखली होती. या कुळाचे डोळे अगदी बारीक आहेत. अशा पाण्यात त्यांचा उपयोग तो काय? पण खालच्या जबड्याला मागच्या बाजूने मोठं छिद्र आहे. पाण्यातला आवाज जबड्यातून, चरबीच्या गादीवरून थेट कानापर्यंत जावा म्हणून. आजचा डॉल्फिनही असाच ऐकतो.

पलीकडे समुद्री गवतावर काही गलेलठ्ठ प्राणी चरत आहेत. या समुद्रगाई, त्यांचं नातं हत्तींशी आणि समुद्रात उतरण्याची त्यांची गोष्ट अगदी वेगळी. त्यांच्या कुळातला डुगाँग आजही कच्छच्या आखातात तग धरून आहे.

याच सुमारास या चार पायांच्या देवमाशांपैकी काहींनी फार मोठी मजल मारली आहे. पेरूच्या किनाऱ्यावर, प्लाया मेदिया लूना इथे, 4 मीटर लांबीचा पेरेगोसेटस पाण्याबाहेर येऊन वाळूवर चालतो आहे, बोटांच्या टोकांशी अजून लहान खूर आहेत. तो आफ्रिकेकडून अटलांटिक ओलांडून आलेल्यांच्या वंशातला. अटलांटिक तेव्हा आजच्यापेक्षा बराच अरुंद होता आणि प्रवाह पश्चिमेकडे वाहत होते. तरीही खुरांनिशी महासागर पार करणं ही लहान गोष्ट नव्हे.

पुढचा पल्ला झरझर गाठा. पाय जातात. अंटार्क्टिका एकटी पडते, तिच्याभोवती थंड प्रवाह फिरू लागतो, समुद्र गार होतो. देवमाशांच्या दोन शाखा फुटतात: एक पाणी गाळून खाणाऱ्यांची, दुसरी दात असलेल्यांची. या दुसऱ्या शाखेला आता नुसतं ऐकणं पुरत नाही. ती स्वतः आवाज सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून भक्ष्य शोधते. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात सापडलेल्या कोटायलोकारा या प्राण्याच्या 2 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीच्या कवटीत त्याचा पुरावा आहे.

अडीच कोटी वर्षांपूर्वीच्या अलास्कात थांबा. पाणी गार आहे, अंगावर काटा येतो. जवळून एक डॉल्फिन सळकन जातो. तो क्लिक सोडतो आहे, पण ते इतके उच्च स्वराचे आहेत की तुमच्या कानाला काहीच कळणार नाही. हा आर्क्टोकारा. त्याची कवटी डोनाल्ड मिलर या भूवैज्ञानिकाने 1951 मध्ये गोळा केली, ती स्मिथसोनियनच्या संग्रहात पडून राहिली आणि 2016 मध्ये अलेक्झांड्रा बोर्समा व निकोलस पायेन्सन यांनी तिचं नातं उलगडलं. गंगेतल्या डॉल्फिनशी! आज फक्त दक्षिण आशियाच्या नद्यांत उरलेल्या कुळाचा हा जुना नातलग ध्रुवाच्या वाटेवरच्या समुद्रात पोहत होता. आणि तो एकटा नव्हता. याच मोठ्या घराण्यातले मानले जाणारे डॉल्फिन न्यूझीलंडच्या चुनखडकात सापडतात, मेरीलँडच्या कड्यांत सापडतात. हे घराणं एके काळी जगभर पसरलेलं होतं.

आता एक नदी. म्हणजे नदी म्हणायची, पण अमेझॉन अजून जन्मलेली नाही. तिच्या जागी पेबास नावाची अफाट पाणथळ आहे, तळी, दलदल आणि संथ प्रवाह यांचं जाळं. काळ 1 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. तुमच्या पुढ्यात पाणी फुगतं आणि तीन-साडेतीन मीटरचा डॉल्फिन वर येतो. ज्ञात असलेला गोड्या पाण्यातला सर्वांत मोठा डॉल्फिन हाच. लांब चोच, दातांच्या रांगा आणि कवटीवर, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी उठलेले हाडांचे तुरे. त्या तुऱ्यांनी आवाजाचा झोत पुढे एकवटतो, गढूळ पाण्यात मासा नेमका कुठे आहे ते कळतं. असे तुरे आज एकाच कुळात आहेत, गंगा आणि सिंधूच्या डॉल्फिनमध्ये.

ही कवटी पेरूतल्या नापो नदीच्या काठी 2018 मध्ये आल्दो बेनितेस-पालोमिनो यांच्या नजरेस पडली. 2024 मध्ये तिला पेबानिस्टा याकुरुना हे नाव मिळालं; याकुरुना म्हणजे तिथल्या लोककथांमधली पाण्यात राहणारी माणसं. आज अमेझॉनमध्ये दिसणारे गुलाबी डॉल्फिन याचे वंशज असावेत असं कुणालाही वाटेल, पण तसं नाही. पेबासची पाणथळ आटली, पेबानिस्टाचं कुळ तिथून पुसलं गेलं आणि नंतर समुद्रातून दुसरंच कुळ येऊन त्या जागी स्थिरावलं. याचे सख्खे नातलग इथून हजारो मैलांवर आहेत. चला.

भागलपूर, बिहार. काळ आजचा. सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा पट्टा 1991 पासून विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य आहे. तुमच्या नावेजवळ पाण्यातून सूस, म्हणजे गंगेतली डॉल्फिन, वर येते, फुस्सकन श्वास सोडते आणि दिसते न दिसते तोच खाली जाते. तिच्या डोळ्यांत भिंग नाही. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तळाशी ती अनेकदा एका कुशीवर पोहते आणि पर चिखलातून फिरवत चाचपडते. बाकी सारं जग तिला ऐकूनच समजतं.

समुद्रातले तिच्या कुळातले सगळे संपले, ती उरली. 2009 मध्ये तिला राष्ट्रीय जलचर घोषित केलं गेलं. 2025 मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या व्यापक मोजणीत गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत 6,324 सूस अंदाजल्या गेल्या. सिंधूच्या जातीच्या आपल्याकडे बियास नदीत फक्त 3. चीनमध्ये यांगत्से नदीतल्या बैजी या डॉल्फिनच्या जातीचं काय झालं ते आपल्या डोळ्यांदेखत घडलं आहे: 2006 च्या शोधमोहिमेत एकही दिसली नाही. धरणं आणि बंधारे नदीचे तुकडे करतात, जाळ्यांत सूस अडकतात. पण ऐकण्यावर जगणाऱ्या प्राण्याला आणखी एक जाच आहे, आवाजाचा. मयूख डे, नचिकेत केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवून दिलं की उन्हाळ्यात पात्र उथळ झालेलं असताना मोठ्या बोटींचा गोंगाट वाढला, की सूस आपला आवाज बदलतात, आणि त्यासाठी त्यांच्या अंगची जास्त शक्ती खर्ची पडते. आणि या नदीत मालवाहू जलमार्ग वाढवण्याचं काम तर जोरात आहे. तो मार्ग आखणाऱ्यांनी पाण्याची खोली मोजताना त्या पाण्यात ऐकणाऱ्यांचाही हिशेब धरायलाच हवा.

तुमच्या नावेचं इंजिन अजून धडधडतं आहे. नावाड्याला ते बंद करायला सांगा. वल्ह्यांनीही काठ गाठता येतो.