शाळिग्राम आणि चंद्रगूप : चिरडलेल्या समुद्रतळाच्या दोन खुणा

पंढरपूर तालुक्यातील करकंब येथे विहीर खणली, की आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. तो निवला तसाच आजही जवळजवळ आडवा पडून आहे. त्याला घडी पडलेली नाही, आणि सागरी शंखशिंपल्यांचा तर त्यात मागमूसही नाही. समुद्रही येथून दोनशे किलोमीटरांहून दूर.

तरीही या पंचक्रोशीत समुद्रतळाचा एक तुकडा पिढ्यान्‌पिढ्या पुजला जातो. तो जमिनीत नव्हे, देवघरात असतो. कार्तिकात तुळशीच्या लग्नात काही घरी नवरदेव म्हणून मांडला जातो तो शाळिग्राम.

पुराणकथेनुसार वृंदेच्या शापाने विष्णू पाषाण झाला आणि वज्रकीटकाने त्या पाषाणात चक्रे कोरली. दगडात एक जीव दडलेला आहे, एवढे कथाकारांनी अचूक हेरले होते. शाळिग्रामातील चक्र म्हणजे अमोनाइट या सागरी प्राण्याच्या शंखाचा ठसा. नेपाळातील काली गंडकीच्या पात्रात, मुक्तिनाथच्या परिसरात, हे गोटे सापडतात. ते ज्या काळ्या शेल खडकातून सुटून येतात, तो सुमारे १४-१५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंडाच्या उत्तर काठालगतच्या समुद्रात साचलेला चिखल आहे.

म्हणजे करकंबचा लाव्हा वाहत होता, तेव्हा हा शंख चिखलात पुरला जाऊन सात-आठ कोटी वर्षे झाली होती. हिमालय मात्र तेव्हा नव्हता. भारताचा भूखंड अजून उत्तरेकडे सरकत होता आणि आशियाशी त्याची टक्कर अजून व्हायची होती.

टक्कर होते तेव्हा तळाच्या गाळाचे काय होते? शेत सपाट करण्यासाठी बैलांमागे ओढली जाणारी केणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजणे सोपे. केणी पुढे सरकते तशी वरची भुसभुशीत माती खरवडली जाऊन तिच्यापुढे ढीग साचतो. खालची घट्ट जमीन जागेवरच राहते. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाऊ लागला, की त्याच्या पाठीवरचा गाळ असाच खरवडला जातो. थर आधी दुमडतात. मग त्यांचे पापुद्रे सुटतात आणि कौलांसारखे एकावर एक चढत जातात. ताज्या गाळात पाणी भरपूर असते. दाबाने ते पिळून निघते. जिथे त्याला वाट मिळत नाही, तिथे कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो, थरांमधले घर्षण कमी होते आणि अख्खेच्या अख्खे थर घसरतात.

शाळिग्राम या चिरडण्यातून वाचला, कारण तो लवकर कठीण झाला होता. चिखल मऊ असतानाच शंखाभोवती क्षार साकळून गोटा तयार झाला. पुढे वरच्या गाळाच्या भाराने आणि नंतर भूपट्टांच्या रेट्याने भोवतालचा चिखल दबत, दुमडत, चुरगळत गेला. शेलमध्ये नुसते सापडणारे कित्येक अमोनाइट कागदासारखे चपटे झालेले असतात. गोट्यातला शंख तेवढा गोल राहतो.

हे कोडे सुटायला शंभर वर्षे लागली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फर्डिनांड स्टोलिच्का याने १८६०च्या दशकात स्पितीच्या खोऱ्यातील याच काळ्या शेलचा आणि त्यातील जीवाश्मांचा अभ्यास केला. १८७४ मध्ये यार्कंदहून परतताना अवघ्या छत्तिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याची समाधी लेहला आहे. १८९३ मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूस याने त्या लुप्त समुद्राला ‘टेथिस’ हे नाव दिले आणि हिमालयात व आल्प्समध्ये त्याचाच गाळ दुमडून उभा आहे, असे मांडले. १९३६ मध्ये ऑगस्टो गान्सर हा स्विस भूवैज्ञानिक यात्रेकरूच्या वेशात तिबेटात शिरला आणि त्याने कैलासाची प्रदक्षिणा केली. त्या परिसरात त्याला समुद्रतळाच्या खोल भागातील खडक सापडले. यात्रेकरूचे सोंग घेतलेल्याला त्या यात्रेत समुद्र भेटावा, हा योग विलक्षणच. भूपट्टांचा सिद्धांत यायला मात्र १९६०चे दशक उजाडावे लागले.

टेथिसचा गाळ केव्हाच पर्वत होऊन बसला. हीच क्रिया आज समुद्रात चालू असलेली पाहायची, तर पश्चिमेकडे वळावे लागते. तिथेही सोलापूरकरांचे एक दैवत आहे. जिल्ह्यातील भावसार समाजाची कुलदेवता हिंगलाज. तिचे मूळ स्थान बलुचिस्तानात, मकरान किनाऱ्याजवळ. तिथे अरबी भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे आत शिरत आहे आणि त्याच्या पाठीवरचा कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ खरवडला जात आहे. त्या ढिगाचा काही भाग पाण्याबाहेर येऊन डोंगर झाला आहे. हिंगलाजचे यात्रेकरू वाटेत चंद्रगूपला नारळ वाहतात. तो चिखलाचा ज्वालामुखी आहे : गाळात कोंडलेले पाणी आणि वायू चिखलासह वर येतात आणि शिखरावर बुडबुडे फुटत राहतात.

२८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे याच मकरानखाली ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. पसनी गावाची मोठी हानी झाली. तिथे विध्वंसक लाट भूकंपानंतर बऱ्याच वेळाने आली. म्हणून समुद्रतळाच्या उतारावरचा गाळही घसरला असावा, असे काही अभ्यासक मानतात. सकाळी सव्वाआठच्या सुमारास समुद्र मुंबईत चढला. लाट सुमारे दोन मीटर उंच होती. शहरात एकूण पंधरा माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. भूकंपाला तोवर जवळजवळ पाच तास उलटले होते, पण मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत इशारा पोहोचवणारी यंत्रणाच नव्हती. हवामान खात्यातील सी. जी. पेंडसे यांनी या घटनेवर लिहिलेले टिपण आजही अभ्यासकांचा आधार आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर, २००७ मध्ये, हैदराबादला भारताचे त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले. मकरानचा किनारा त्याच्या देखरेखीखाली आहे.

१९४५ च्या भूकंपानंतर मकरानच्या समुद्रात चिखलाची नवी बेटे वर आली होती. लाटांनी ती धुऊन नेली. सप्टेंबर २०१३ मध्ये बलुचिस्तानात पुन्हा मोठा भूकंप झाला, तेव्हा ग्वादरसमोर असेच एक बेट उगवले. काही वर्षांत तेही पाण्याखाली गेले.