चांद्याच्या परकोटातला ससा

कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळ रचणारे बरेच जण आधी नकाशा काढतात आणि पुराण मागाहून जोडतात. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. देवदेवतांची स्वतंत्र पुरवणी निघाली ती १९७६ मध्ये. माझं ठाम मत असं, की चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंडांनी हीच रीत शेकडो वर्षं आधी वापरली. याला साक्षीदार एक ससा.

कथा चंद्रपूरकरांना पाठ आहे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा, त्याच्या अंगभर गाठी. शिकारीत तहान लागली, झरपट नदी कोरडी. पात्रातल्या खळग्यात थोडं पाणी मिळालं. तो प्यायला, हातपाय धुतले, रात्री गाढ झोपला. सकाळी गाठी गायब! राणीने जागा शोधली, तर खडकात गाईच्या पावलांचे ठसे. तिथे अचलेश्वराचं देऊळ. पुढे त्याच भागात कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्यामागे लागला. मोठमोठे वळसे घेत पळापळ झाली आणि शेवटी कुत्र्याने सशाला मारलं. राणी म्हणाली, सशाच्या वाटेवरून कोट बांधा. ससा कुत्र्याला भिडला तिथे आणि मेला तिथे बुरूज भक्कम करा, कारण शहराला धोका तिथूनच आहे.

कुत्र्यावर उलटणारा ससा विजयनगरच्या कथेत आहे, अहमदाबादच्याही. थेट मलाक्कात परमेश्वर नावाच्या राजाच्या कुत्र्याला चिमुकलं पिसोरी हरीण लाथ मारून पाण्यात पाडतं. म्हणून काही जण म्हणतात, ही फिरती कथा, दक्षिणेकडून आली आणि चांद्याला चिकटली. अर्धं मान्य. बल्लाळशहाची जुनी राजधानी सिरपूर, आजच्या तेलंगणात. तिकडून कथा यायला कितीसा वेळ?

पण उरलेल्या अर्ध्याचं काय? विजयनगरचा ससा जागा दाखवतो आणि त्याचं काम संपतं. चांद्याचा ससा रेघ आखतो. वळसे, भिडण्याची जागा, मरणाची जागा, हा सगळा तपशील फक्त भिंतीच्या कामाचा आहे. परकोट एका राजाच्या हयातीत झाला नाही, पुढच्या पिढ्यांनी तो पुरा केला. माझा तर्क असा, की वाकडी भिंत डोळ्यांसमोर असलेल्या कुणीतरी आयत्या सशाला तिच्या वळणांवरून पळवलं. मेजर ल्युसी स्मिथने १८६९ च्या जमाबंदी अहवालात गोंड राजांची हकीकत लिहिली, तोवर ससा आणि भिंत एकजीव झाले होते.

आणि ते दोन धोक्याचे बुरूज! खेळ चालवणाऱ्या कुठल्याही गेम मास्टरने शिकावं असं कसब यात आहे. राजाची मोहीम फत्ते होते, पण पुराण पुढच्या पिढीला पहारा सोपवून जातं.

खेळ रचणाऱ्या ग्रेग स्टॅफर्डने मात्र उलट केलं, आधी पुराण. ग्लोरांथाचं काल्पनिक जग तो १९६६ पासून लिहीत होता, खेळ नंतर आले. त्यांत पात्रं देवाच्या जुन्या वाटेवर पुन्हा चालून त्याचं बळ मिळवतात. तसं चालणं चांद्यातही शक्य आहे. चंद्रपुरात इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून झाडोरा तोडून परकोट मोकळा केला. आता त्यावरून हेरिटेज वॉक निघतात. चालणाऱ्यांना बुरुजांचा इतिहास सांगतात, तेव्हा सशाची पळापळही वळणावळणाने सांगावी. ससा भिडला तो बुरूज कोणता आणि मेला तो कोणता, हे मुलांनाच भिंतीवरून शोधू द्यावं.