कुलर गप्प, आजी चालू

मे महिन्यात म्हसावदच्या घरात बसून अभ्यास करणं काय असतं, ते खान्देशाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. खिडकीला लोखंडी कुलर, तो ट्रॅक्टरशी पैज लावल्यासारखा घरघरतो. बंद करावा तर पुस्तकावर घाम टपकतो. आत कुकर, मिक्सर, पुढच्या खोलीत टीव्ही, आणि नळाला पाणी आलं की मोटर. स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेल्या भाच्याने हेडफोन मागितला तेव्हा म्हणाला, ‘‘मामा, गाणी ऐकायला नको. काही ऐकू येऊ नये म्हणून पाहिजे.’’ आजीला हे काही पटेना. पैसे मोजून बहिरं कशाला व्हायचं?

मला मात्र वाटलं, पोराने त्या वस्तूचं जन्मनक्षत्र बरोबर ओळखलं.

1881 साली पॅरिसच्या वीज प्रदर्शनात क्लेमां आदेर याने नाटकगृहातला ऑपेरा तारेवरून दुसरीकडे ऐकवला. लोक दोन्ही हातांनी दोन रिसीव्हर कानांशी धरून उभे राहत. पुढे एर्नेस्त मर्काद्ये या फ्रेंच अभियंत्याने दोन्ही कानांत बसतील एवढे छोटे रिसीव्हर केले. जोडीचं वजन जेमतेम 50 ग्रॅम. 1891 साली त्याचं अमेरिकी पेटंट झालं. कानात जाणाऱ्या टोकाला त्याने रबराचं आवरण दिलं होतं, आणि त्याची दोन कारणं पेटंटात नोंदवली आहेत: कानाला घासू नये, आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये. आज दुकानदार डबीत तीन मापांचे मऊ रबर देतो, त्यांचं मूळ हे असं सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

डोक्यावर पट्टी असलेला हेडफोन आला तो थेट स्वयंपाकघरातून. अमेरिकेतल्या युटा राज्यात नेथॅनिअल बॉल्डविन नावाचा गृहस्थ घरच्या ओट्यावर हे काम करायचा. 1910 साली त्याने एक जोडी आरमाराकडे पाठवून दिली. तपासणाऱ्यांना आधी विश्वास बसला नाही, मग कानाला लावल्यावर बसला. मागणी आली तर याचं उत्तर, एका वेळी दहाच करून देईन, कारण जागा स्वयंपाकघराची. पेटंट घ्या म्हटलं तर त्याला ती गोष्ट फारच किरकोळ वाटली. स्वयंपाकघरात जन्मलेली ही चीज आज स्वयंपाकघराचा आवाज अडवायला विकत घेतली जाते, हे त्याला कळतं तर हसला असता.

याच कुळाची दुसरी शाखा नुसत्या बोळ्यांची. बर्लिनच्या माक्स नेगवर या औषधविक्रेत्याने 1907 साली मेण, व्हॅसलीन आणि कापूस एकत्र करून कानाच्या गोळ्या काढल्या. नाव ठेवलं ‘ओहरोपॅक्स’. जर्मनमधला कान आणि लॅटिनमधली शांतता. आमच्याकडे कापूस शेतात पिकतो, आणि आजी लग्नाच्या बँडपुढे तोच कानात घालते. पण कोरड्या कापसातून हवा आरपार जाते, आणि हवा गेली की आवाजही गेलाच. मेणाचा उपयोग तिथे.

मधल्या काळात कुळाचं वळण बदललं. 1958 मध्ये जॉन कॉस याने स्टिरिओ हेडफोन काढला आणि लोक संगीताच्या मागे लागले. 1979 च्या वॉकमनबरोबर तर स्पंजचे पातळ हेडफोन आले. त्यातून बाहेरचं सगळं आत यायचं, आणि आतलं शेजारच्यालाही ऐकू जायचं. आमच्या पिढीला हेडफोन म्हणजे तोच वाटत राहिला.

खरा चमत्कार कागदावर मात्र आधीच झाला होता. पॉल ल्यूग या जर्मनाने 1933 साली अर्ज केला, 1936 मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. कल्पना अशी की आवाजाची लाट जिथे वर जाते तिथे खाली जाणारी उलटी लाट सोडायची, दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. त्या काळच्या यंत्रांना हे झेपलं नाही. 1978 साली झुरिकहून बोस्टनला विमानाने जाताना अमर बोस यांना इंजिनाच्या घरघरीत धड काही ऐकू येईना. बोस म्हणजे बंगाली क्रांतिकारकाचा मुलगा, एमआयटीचा प्राध्यापक. त्यांनी विमानातच गणित मांडलं. वैमानिकांसाठी असा हेडसेट विक्रीला आला 1989 साली, आणि तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी 2000 साली.

म्हणजे या जातीचा वैरी विमानाचं इंजिन. जाड, सलग, एकसुरी आवाज. शंभर हर्ट्‌झच्या आवाजाची एक लाट साडेतीन मीटरच्या जवळपास लांब असते. तिला उलटी लाट जुळवायला यंत्राला सवड मिळते. तीन हजार हर्ट्‌झची लाट अकरा-बारा सेंटिमीटरची, तिथे जरा चुकलं की संपलं. म्हणून कुलर या हेडफोनला विमानाच्या चुलतभावासारखा वाटतो, तो झटक्यात गप्प होतो. कुकरच्या शिट्टीचं तीक्ष्ण टोक बरंचसं रबर-फोमच बोथट करतो. मधल्या पट्टीतली माणसाची हाक मात्र दोघांच्याही हातातून निसटते.

खरेदीला गेलो तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. कान पूर्ण झाकणारा गादीवाला हेडफोन चांगला खरा, पण आमच्या उन्हाळ्यात दहा मिनिटांत कान भिजतात. शिवाय भाच्याला चष्मा आहे. चष्म्याच्या काडीमुळे गादी आणि कातडी यांत फट राहते, आणि आवाजाला फट पुरते. म्हणून कानात जाणारे घेतले, तिन्ही मापांचे रबर घालून बघितले. डाव्या कानाला एक माप, उजव्याला दुसरं. दुकानदार हसला, पण दोन्ही कान सारखे असतात असं कोणी सांगितलं? वीज गेली, चार्जिंग संपलं तरी रबर आपलं काम करतोच. आवाज वाढवून आवाज दाबू नकोस, एवढं मात्र बजावलं. जागतिक आरोग्य संघटनेने 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास ही मर्यादा सांगितली आहे.

होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, तेव्हा मोठा ढोल वाजतो. त्याला कुठलाच हेडफोन पुरत नाही. तो नुसता कानातून नाही, छातीतूनही जाणवतो. त्या दिवशी भाच्याने पुस्तक मिटलं ते बरंच केलं.

एरवी तो आता काहीही न लावता, नुसते बड्स घालून बसतो. आजीने पहिले आठ दिवस जेवायला हाका मारल्या. तिची हाक नेमकी मधल्या पट्टीतली, त्याला अर्धीमुर्धी ऐकू यायची आणि तो न ऐकल्यासारखं करायचा. ते तिच्या लक्षात आलं. आता ती हाक मारत नाही. दारात उभी राहून दिव्याचं बटण दोनदा खाली-वर करते.