ग्लुटेन-फ्री ही फॅशन नाही, त्यामागे इतिहास आहे

"ग्लुटेन-फ्री म्हणजे श्रीमंतांचे चोचले" हे या महिन्यात तिसऱ्यांदा ऐकलं, म्हणून लिहितोय. माझ्या मुलीला सीलिअॅक आहे. गव्हातल्या ग्लुटेनमुळे तिच्या आतड्याचं अस्तर झिजतं. यावर गोळी नाही. पोळी, रवा, मैदा, बार्ली आयुष्यभर बंद, एवढाच उपचार.

हे कळायला डॉक्टरांना फार वेळ लागला. १८८७ साली लंडनमध्ये सॅम्युएल गी यांनी या आजारावर व्याख्यान दिलं. फुगलेलं पोट, काटकुळे हातपाय, खुंटलेली वाढ. बरं व्हायचं तर ते आहारानेच, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. पण कुठल्या आहाराने? एक मूल म्हणे रोज डच शिंपल्या (आपल्या तिसऱ्यांचे भाऊबंद!) खाऊन छान सुधारलं, हंगाम संपल्यावर पुन्हा ढासळलं आणि पुढच्या वर्षी शिंपल्यांना तोंडच लावेना.

१९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुरू केला. मुलं खरंच सुधारली. श्रेय केळ्यांना मिळालं, पण त्या आहारात ब्रेडही बंद होता, याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. त्यामुळे 'बऱ्या झालेल्या' मुलांच्या ताटात गहू परत यायचा.

खरा चोर पकडला हेग शहरातल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये उपासमार झाली, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. ब्रेड मिळेना, आणि सीलिअॅकची मुलं मात्र सुधारली, ही गोष्ट सगळे सांगतात. पण डिकेंना संशय आधीच आला होता. ब्रेड बंद केला की माझं मूल बरं असतं, हे एका आईने त्यांच्या कानावर घातलं होतं, आणि गहू वगळलेल्या आहारावर त्यांनी १९४१ मध्येच लिहिलं होतं. दुष्काळाने फक्त शिक्कामोर्तब केलं. मग १९५० चा प्रबंध आला. त्यानंतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दाखवलं की गव्हाचा स्टार्च चालतो, कणीक धुतल्यावर उरणारा चिकट गोळा चालत नाही. तोच ग्लुटेन.

म्हणजे शोधाच्या मुळाशी एका आईचं म्हणणं होतं, आणि ते ऐकून घेणारा डॉक्टर. आमच्याकडे जंताची औषधं देण्यात दोन वर्षं गेली. बायको सांगत होती, पोळी खाल्ली की पोरीचं पोट बिघडतं. आम्ही कोणी ऐकलं नाही. मीसुद्धा.

आता व्यवहाराचं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, सगळं चालतं. महाराष्ट्राइतकं सोपं राज्य नसावं असं वाटतं ना? पण बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे वरणसुद्धा गेलं. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन हवं, असा आपल्याकडे नियम आहे. वाटीने मिळणाऱ्या सुट्या पिठाला कसला नियम? ते पाकीट परवडत नाही त्याला रेशनवर गव्हाऐवजी ज्वारी किंवा तांदूळ मागता आला पाहिजे, आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्यासाठी पुरेशी असली पाहिजे. शाळेच्या खिचडीतला हिंगही कोणीतरी तपासायला हवा.

आणि गिरणी. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात असतोच. आमचे गिरणीवाले काका पहिल्यांदा हसले होते. आता सोमवारी सकाळी ते जातं झाडून घेतात, दोन किलो तांदूळ दळून ते पीठ गाईला घालतात आणि मग आमची ज्वारी टाकतात. त्या दोन किलोंचे पैसे घेत नाहीत.