एसएसएच बोगद्यातून डेटाबेसशी जोडणी

* इथे अभिप्रेत असलेला बोगदा एसएसएचचा. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाल्यावर तातू यूलनेन यांनी १९९५मध्ये एसएसएच ही कूटबद्ध जोडणीची प्रणाली लिहिली. या बोगद्यामुळे पोस्टग्रेस या डेटाबेसचे ५४३२ पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवावे लागत नाही. आपल्याच संगणकावरील एका पोर्टवर आलेली माहिती एसएसएच कूटबद्ध करून दूरच्या सर्व्हरच्या पोर्ट २२वर नेते आणि तिथे उलगडून डेटाबेसकडे सोपवते. डेटाबेस तिसऱ्याच यंत्रावर असेल, तर हा शेवटचा टप्पा मात्र उघडा राहतो. त्यासाठी टीएलएस हे कूटबद्धतेचे कवच वेगळे लावावे. पहिल्या जोडणीवेळी सर्व्हरच्या किल्लीचा ठसा पडद्यावर येतो. तो न पाहताच होकार देणे सर्वांत घातक, कारण पलीकडे भलतेच यंत्र असले तरी माहिती कूटबद्ध होऊनच जाते. तो ठसा सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडून आधीच मागून घ्यावा. – संपा.