ईस्टरचा हंगाम, नोव्हेंबरचा बर्फ

२४ मार्च १९२३ रोजी नॉर्वेच्या ‘आफ्टनपोस्टन’ या दैनिकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत झळकलं की, बर्गनची गाडी रात्री लुटली गेली. वाचणाऱ्यांच्या काळजात धस्स झालं. ईस्टर आठवड्यावर आला होता आणि कितीतरी घरांतली तरुण मंडळी स्की घेऊन त्याच गाडीनं डोंगराकडे निघायची होती. प्रत्यक्षात ती नुर्दाल ग्रीग आणि निल्स ली यांच्या नव्या रहस्य-कादंबरीची जाहिरात होती. तिची चलाखी फळली, कारण ईस्टर, रेल्वे आणि स्की यांची गाठ नॉर्वेत एव्हाना पक्की बसली होती. त्या देशात ईस्टरला रहस्यकथा वाचायची प्रथाही तिथूनच पडली.

नोव्हेंबरच्या स्की-सहलीचे बेत आखणाऱ्या नवख्यांना एक गोष्ट ठाऊक नसते: स्कँडिनेव्हियात स्कीची सुट्टी मुळात हिवाळा सरतानाची.

स्की स्वतः मात्र फार जुनी. १९२४ साली उत्तर स्वीडनमध्ये काल्वट्रेस्क इथं सापडलेली स्की सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची आहे. शिकार, सरपण, शेजारचं गाव, चर्च: बर्फात कुठंही जायचं तर पायात स्की बांधायची, एवढाच तिचा उपयोग. तिला खेळाचं रूप देण्यात नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या मोर्गेडालच्या सोंद्रे नोरहाइम (१८२५-१८९७) या गरीब माणसाचा वाटा मोठा. लवचीक डहाळ्या पिळून केलेला पट्टा तो टाचेमागून घ्यायचा. त्यामुळे उडी मारली तरी स्की पायातून निसटत नसे आणि वळणही घेता येई. १८६८ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, राजधानीतल्या स्पर्धेत उतरून त्यानं तिथल्या शहरी तरुणांना थक्क केलं. पुढं १८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि तिथंच वारला. १९५२ च्या ऑस्लो हिवाळी ऑलिंपिकची मशाल त्याच्या जुन्या घरातल्या चुलाण्यात पेटवली गेली.

योगायोग असा की, नॉर्वेची पर्यटन संघटनाही १८६८ चीच. डोंगरात तिच्या झोपड्या उभ्या राहत गेल्या, पण शहरी माणसाला तिथवर न्यायचं काम केलं रेल्वेनं. ऑस्लो-बर्गन मार्ग १९०९ मध्ये पूर्ण झाला आणि १,२२२ मीटर उंचीवरच्या फिन्से स्थानकावर उतरलं की थेट पठारच समोर. स्वीडनमध्ये ओरे या गावी १८८२ मध्येच गाडी पोचली होती; १९१० मध्ये तिथं डोंगर चढणारी केबल-रेल्वेही आली. स्वीडनच्या शाळांची फेब्रुवारीतली ‘क्रीडा-सुट्टी’ तर युद्धाच्या टंचाईतून निघाली. १९४० मध्ये वर्ग तापवायला लागणारा कोक कोळसा वाचवायचा म्हणून शाळा आठवडाभर बंद ठेवल्या गेल्या. मुलं रिकामी, बाहेर बर्फ भरपूर. टंचाई संपली, सुट्टी राहिली. आता भागाभागाला ती वेगवेगळ्या आठवड्यांत असते.

फेब्रुवारी ते ईस्टर या काळाची निवड अगदी व्यवहारी होती. तोवर दगड-झुडपं गाडली जाण्याइतका थर साचतो, थंडीची धार बोथट होते आणि मार्चअखेरीला दिवस बारा तासांहून मोठा होतो. लोक उन्हात बसून संत्री सोलतात. असं ऊन नोव्हेंबरात कुठलं?

नोव्हेंबरचा हंगाम यंत्रांनी घडवला. कृत्रिम बर्फ फवारणारी तोफ १९५० च्या सुमारास अमेरिकेत निघाली आणि नंतर उत्तर युरोपातही पसरली. अलीकडं त्यात साठवणुकीची भर पडली: वसंतात बर्फाचा ढीग रचायचा, उन्हाळाभर भुशाखाली किंवा जाड आवरणाखाली झाकायचा आणि शरदात उतारावर पसरायचा. बर्फाच्या लादीवर भुसा टाकून ती टिकवणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या बर्फवाल्यांचीच ही युक्ती, फक्त डोंगराएवढी. फिनलंडमधली रुका आणि लेवी ही केंद्रं अशा बर्फावर ऑक्टोबरातच उघडतात. (काटेकोर बोलायचं तर फिनलंड स्कँडिनेव्हियात मोडत नाही, पण पर्यटन कंपन्यांना ते मान्य नसावं.) आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला सुमारे १७० किलोमीटरवर असलेल्या लेवीत नोव्हेंबरात विश्वचषकाची स्लालम शर्यत होते आणि जिंकणाऱ्याला रेनडिअर मिळतं.

मात्र तो बर्फ अंथरला जातो मुख्यतः शर्यतवाल्यांसाठी. सुरुवातीला एक-दोन उतारच खुले असतात, त्यांवरचा बर्फ दाबून कडक केलेला, आणि सरावाला आलेले संघ बाजूनं सुसाट जात असतात. नोव्हेंबरच्या मध्याला लेवीतला दिवस जेमतेम पाच तासांचा. डिसेंबरात काही आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही. दिव्यांच्या उजेडात तोल सावरायला शिकता येतं, पण उताराचा उंचसखलपणा नीट दिसत नाही आणि गारठलेला शिकाऊ लवकर थकतो.

तेव्हा पहिल्यांदा स्की बांधणाऱ्यानं नॉर्वेच्या आजी-आजोबांचं ऐकावं आणि मार्चअखेर गाठावी. ईस्टरच्या आठवड्यात मात्र खोल्या लवकर भरतात. सुट्टी नोव्हेंबरातच मिळत असेल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी तिथल्या स्की-शाळेला एवढंच विचारावं: त्या आठवड्यात शिकाऊंचा उतार आणि त्याची लिफ्ट सुरू असेल का? ठाम होकार आला नाही, तर पैसे भरू नयेत.