बंडीचं वंगण, गाडीचं ऑइल

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आपल्या वाशीम जिल्ह्यातून जातो. डिसेंबर 2022 मध्ये त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि जून 2025 मध्ये तो पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला. कारंजा, शेलुबाजार, मालेगावच्या बाजूनं कधी पुलावर उभे राहा. खालून उंच, रुंद, काळ्या काचांच्या गाड्या सपकन निघून जातात. त्यांची किंमत ऐकली की आमच्या पिढीच्या माणसाला आधी एकर आठवतात, मग रुपये. आज मला बोलायचं आहे ते मात्र या गाडीच्या पोटातल्या सहा-आठ लिटर तेलाविषयी. त्याचा इतिहास या रस्त्यापेक्षा बराच जुना आहे, आणि तो सगळा परदेशातला नाही.

वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. राजधानीचं गाव, म्हणजे रस्ते आलेच. पण पुढची कित्येक शतकं या रस्त्यांवरचा मोठा माल चाकावर जात नव्हता, बैलाच्या पाठीवर जात होता. मीठ, धान्य, कापूस घेऊन बंजाऱ्यांचे तांडे चालत. आज मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला देशभरातून बंजारा समाज येतो, तो याच वाटांचा वारसदार. पाठीवरच्या गोणीला वंगण लागत नाही. ते लागतं चाकाला.

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यांना कापूस हवा होता. 1867 मध्ये रेल्वे अकोल्यावरून नागपूरपर्यंत पोहोचली आणि स्टेशनाकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर बंड्यांची रांग लागली. इंग्रजांच्या काळातही वाशीम जिल्हा होता. इंग्रज त्याला 'बासिम' म्हणत. 1905 मध्ये तो मोडून त्याचा बराच भाग अकोल्यात घातला गेला आणि 1 जुलै 1998 रोजी आपल्याला परत मिळाला. या सगळ्या घडामोडींत बंडीखाली लटकणारं वंगणाचं नळकांडं मात्र जिथल्या तिथं होतं.

त्यात असायचं एरंडेल. धुऱ्यावरच्या एरंडीच्या बिया घाण्यातून काढून आणलेलं, मधासारखं घट्ट. चिंधी त्यात भिजवून आसावर गुंडाळायची, किंवा काडीनं तेल आत सोडायचं. लांबच्या बाजाराला निघताना शेतकरी आधी चाक काढून वंगण बघायचा, मग शिदोरी बांधायचा. वंगण नसलेली बंडी अर्ध्या कोसावरून करकरत यायची आणि गाव म्हणायचं, आला बघा आळशी. आपल्या भाषेत 'वंगण घालणं' याला पुढं सरकारी कचेरीत निराळाच अर्थ आला, तो तुम्हाला माहीत आहे.

आता गंमत ऐका. हेच एरंडेल विलायतेत मोटारीत गेलं. चार्ल्स वेकफिल्ड या इंग्रज व्यापाऱ्यानं 1909 मध्ये मोटारी आणि विमानांसाठी नवं तेल काढलं, त्यात एरंडेल मिसळलेलं होतं. एरंडीला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात, त्यावरून त्यानं नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांची फिरती इंजिनं शुद्ध एरंडेलावर चालत, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होत नसे. वापरलेलं तेल बाहेर उडायचं, वैमानिकाच्या तोंडावर यायचं. त्यांची पोटं त्यामुळं बिघडत, असं सांगतात. आपल्या आजीला हे आधीच माहीत होतं.

सुरुवातीच्या मोटारींत तेल बदलायचा प्रश्नच बऱ्याचदा नव्हता. थेंब थेंब तेल आत जायचं, काही जळायचं, काही रस्त्यावर गळायचं, वर नवीन ओतायचं. पुढं तेच तेल इंजिनात फिरवायची रीत आली आणि त्याबरोबर घाणही फिरू लागली. 1923 मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँडनं तेल गाळणारा फिल्टर बाजारात आणला. आज आपण ऑइलबरोबर फिल्टरही बदलतो, त्याचं मूळ तिथं आहे. डब्यावर 30, 40 असे आकडे असतात, ते तेलाच्या जाडीचे. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेनं 1911 मध्ये ही पद्धत लावली. 5डब्ल्यू-30 मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. थंडीत पातळ राहणारं, तापल्यावर पुरेसं जाड राहणारं, असं तेल.

आपल्या जिल्ह्यात याच्याही आधी एक वेगळं तेल आलं होतं, आगगाडीचं. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला गाडी कारंज्यावरून जायची. तिचं 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावलं. सत्तर वर्षं! प्रत्येक ठिकाणी थांबलं की लांब चोचीची झारी घेऊन माणूस खाली उतरायचा आणि सांध्यासांध्यात तेल सोडायचा. आता ती गाडी धावत नाही. पण सत्तर वर्षांचं ते आयुष्य त्या झारीनंच दिलं होतं, असं मी मानतो.

मग आली जीप. 1945 साली लुधियानात महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनीची पाटी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. पाटीवरची 'एम' ही आद्याक्षरं तीच राहिली, नाव बदललं. माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट वाचून क्षणभर थांबायला होतं, इतकंच सांगतो. तर या कंपनीनं विलिस जीप मुंबईत जुळवायला सुरुवात केली. त्या जीपचा हवेचा फिल्टरसुद्धा तेलाचा होता. इंजिनात जाणारी हवा आधी तेलावरून जायची आणि धूळ तेलात बसायची. आपल्या काळ्या मातीच्या, उन्हाळी फुफाट्याच्या रस्त्यांवर ही वाटी आठवड्याला धुवावी लागे.

जीपबरोबर गावात उस्ताद आला. लिंबाखालचा खड्डा, दोन पोरं शागिर्द, खाली घमेलं. पट्टी ओढायची, तेलाचा थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये घासायचा, वास घ्यायचा. उस्ताद ड्रायव्हरला म्हणायचा, ''डिझेल खतम हुआ तो गाडी रुकती, ऑइल खतम हुआ तो मरती.'' आणि ते काढलेलं काळं तेल? ते बंडीवाला मागून न्यायचा. घाण्याचं एरंडेल महाग झालं होतं, जीपचं जळकं ऑइल फुकट होतं. म्हणजे विलायतेनं आपल्या बंडीचं तेल मोटारीत घातलं आणि आपण मोटारीचं तेल बंडीत. मेढीला वाळवी लागू नये म्हणूनही तेच फासलं जायचं.

आता आजच्या गाडीकडे येऊ. महामार्गासाठी जमीन गेली तेव्हा काही घरांत मोबदल्याच्या पैशातून मोठी गाडी आली. त्यावर हसणारे हसले. मला हसू येत नाही. ज्या शेतात आजोबांची बंडी चालली, ते शेत आता त्या गाडीच्या रूपानं दारात उभं आहे. आमच्या ओळखीतल्या एका घरात अशीच जुनी, मोठी गाडी घेतली गेली. आधीच्या मालकानं तेल वेळेवर बदललेलं नव्हतं. आजाऱ्याला नागपूरला नेताना वाटेतच इंजिन जाम झालं. उघडलं तेव्हा आत तेल नव्हतं, डांबरासारखा गाळ होता. माणूस दुसऱ्या गाडीनं पोहोचला आणि वाचला. इंजिनाचा खर्च एका हंगामाच्या सोयाबीनहून जास्त झाला.

तेल नुसतं घसरवत नाही. ते इंजिन थंड ठेवतं, काजळी स्वतःत धरून ठेवतं, गंजायला कारण असलेलं आम्ल मारतं. डिझेल गाडीत नवं तेल थोड्याच दिवसांत काळं होतं. ते काळं होणं म्हणजे काम करणं. म्हणून रंगावरून ठरवू नये, किलोमीटर आणि महिने बघावेत. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं असतं. पण त्याच पुस्तिकेत धूळ, जड ओझं, सारखी कमी अंतराची धाव असेल तर लवकर बदला असंही लिहिलेलं असतं, आणि ते पान कुणी वाचत नाही. आपला सगळा जिल्हा त्या पानात बसतो. घरून दुकानापर्यंत दोन किलोमीटर चालणारी गाडी तर पुरती तापतच नाही. आत पाणी आणि इंधन साचतं, आणि मालक म्हणतो, चाललीच कुठं!

या गाड्यांत टर्बो असतो. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगतो. महामार्गावरून 120 च्या वेगानं येऊन ढाब्यावर लगेच चावी फिरवली की तेलाचा पुरवठा थांबतो आणि तापलेल्या दांड्यावरचं तेल जळतं. मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवावं. एप्रिल 2020 पासून नव्या बीएस-6 गाड्या आल्या. त्यातल्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळीची जाळी असते आणि तिला कमी राखेचंच तेल लागतं. ''हे घ्या, तेच आहे,'' म्हणणाऱ्या दुकानदाराला पुस्तिकेतला आकडा दाखवावा.

राहिला प्रश्न काढलेल्या तेलाचा. बंड्या कमी झाल्या, मागायला कुणी येत नाही, आणि नालीत ओतायला कुणाची परवानगी लागत नाही. काटेपूर्णा नदी आपल्या जिल्ह्यात उगम पावते आणि महानच्या धरणातून अकोल्याला पाणी पाजते. कायद्यानं हे तेल घातक कचरा आहे आणि एप्रिल 2024 पासून ते परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्यांवरही टाकलेली आहे. तेव्हा गॅरेजवाल्याला विचारायचं, हे पिंपात साठवता की नाही? आणि नव्या तेलाचं सील आपल्यासमोर तोडायला लावायचं. रिकाम्या डब्याला खिळ्यानं दोन भोकं पाडायची, मग निघायचं. चांगल्या कंपनीचा साबूत डबा भंगारात पाच-दहा रुपयांना जातो, आणि तोच गाळलेलं काळं तेल पोटात घालून पुन्हा दुकानात येऊन बसतो.